पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागणार?

वर्षभर या सदराच्या वाट्याला दीड रकाना येतो आणि तेवढ्यात एखाद्या प्रश्नाचे शेंडा-बुडूख काही हाती लागत नाही. दिवाळी अंकात संपादक हात जरा सैल सोडतात. तेव्हा बाजूला ठेवलेले एक लांबलचक पत्र आज काढले आहे. पत्र लिहिणारे सद्‌गृहस्थ सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून सात शाखा असलेल्या एका लहान नागरी सहकारी बँकेचे व्यवस्थापक आहेत. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, आणि ती रास्तच आहे. आपल्या घराची कोणती कडी ढिली आहे हे कोणी छापून आणीत नाही.

हकीकत अशी. बँकेने आपल्या संगणकांच्या जाळ्याची तपासणी करून घेतली. तपासणाऱ्यांनी १८० पानांचा अहवाल हाती दिला. त्यात 'क्रिटिकल' म्हणजे अतिगंभीर दोष ४, 'हाय' म्हणजे गंभीर ३१, 'मीडियम' म्हणजे मध्यम १४०, आणि किरकोळ तर मोजलेलेच नाहीत. अहवाल संचालक मंडळापुढे आला. एक संचालक घाबरून म्हणाले, "म्हणजे ठेवीदारांना पैसे काढून न्या म्हणून सांगायचे काय?" दुसरे हसून म्हणाले, "अहो, डॉक्टरकडे गेले की रोग निघतोच. त्यांचा धंदा आहे तो." अर्धा तास वाद झाला आणि शेवटी 'अहवालाची नोंद घेण्यात आली' असा ठराव होऊन एकशे ऐंशी पाने दप्तरी दाखल झाली. व्यवस्थापक विचारतात, "या आकड्यांचा अर्थ आमच्या बँकेपुरता काय घ्यावयाचा? माझ्याकडे संगणकाचे काम पाहणारा एकच मुलगा आहे. त्याने आधी कशाला हात घालावा?"

वाचकहो, हा प्रश्न एका बँकेचा नाही. साखर कारखाना, रुग्णालय, महाविद्यालय, नगरपालिका, ज्याच्या ज्याच्या घरी चार संगणक एका तारेने जोडलेले आहेत त्या सगळ्यांचा आहे.

प्रथम ही तपासणी करते काय, ते पाहू. रात्रीच्या गस्तीला निघालेला हवालदार पेठेतल्या प्रत्येक दुकानाचे कुलूप ओढून पाहतो ना, तसेच हे काम. प्रत्येक संगणकाला ६५ हजारांवर दारे असतात. खरी दारे नव्हेत. येणाऱ्या निरोपांसाठी नेमून दिलेले ते क्रमांक आहेत. तपासणीचा प्रोग्रॅम त्यांवर टकटक करीत जातो. कोणते दार उघडे आहे, आत कोणता प्रोग्रॅम बसला आहे, त्याची आवृत्ती कोणती, हे तो विचारतो आणि मिळालेले उत्तर ज्ञात दोषांच्या यादीशी ताडून पाहतो. ही जागतिक यादी १९९९ पासून ठेवली जाते. तिला सीव्हीई म्हणतात आणि तीत आज दोन लाखांहून अधिक दोषांची नोंद आहे. यादीशी जुळले की अहवालात एक ओळ वाढली.

यातूनच त्याची मर्यादा लक्षात येईल. हवालदाराला कुलूप कळते; दुकानात सोने आहे की रिकामी पोती, हे कळत नाही. कधी दारावरची पाटी जुनी असते आणि आत भाडेकरू नवा असतो. आवृत्तीचा क्रमांक जुनाच राहतो, पण दुरुस्ती झालेली असते. अशा वेळी अहवालात विनाकारण लाल शेरा पडतो. उलट, संगणकाचा परवलीचा शब्द न देता केलेली तपासणी म्हणजे अंगातला सदरा न काढता केलेली छातीची तपासणी. पुष्कळ दोष तीत दिसतच नाहीत. तेव्हा अहवालातली प्रत्येक ओळ खरी मानू नये आणि कोऱ्या अहवालावरही निर्धास्त राहू नये. इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या बड्या पतमापन कंपनीला मार्च २०१७ मध्ये एका दोषाची सूचना मिळाली होती. तिने तपासणीही केली, पण तीत तो दोष सापडला नाही. मे महिन्यात चोर त्याच दारातून आत शिरले आणि जुलैअखेरीपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

आता त्या गुणांकाकडे वळू. प्रत्येक दोषाला शून्य ते दहा असे गुण देण्याची पद्धत २००५ पासून रूढ आहे. तिचे नाव सीव्हीएसएस. ९ किंवा अधिक म्हणजे अतिगंभीर, ७ ते ८.९ गंभीर, ४ ते ६.९ मध्यम आणि त्याखालचे किरकोळ. गुण कशावरून ठरतात? दोषाचा फायदा दुरून घेता येतो की यंत्राशी येऊन बसावे लागते. काम सोपे की अवघड. आधी परवलीचा शब्द लागतो की नाही. आतल्या माणसाने एखादी कळ दाबायला हवी की नाही. आणि शेवटी माहितीची गुप्तता, तिचा खरेपणा व तिची उपलब्धता यांपैकी कशाला किती धक्का बसतो. हिशेब चोख आहे. पण तो दोषाचा हिशेब आहे, तुमच्या बँकेचा नव्हे. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की, हा मूळ गुणांक दोषाची तीव्रता दाखवतो. धोका किती, हे ज्याने त्याने आपल्या परिस्थितीची भर घालून ठरवावे. घोटाळा होतो तो इथेच. अहवाल देणारा मूळ गुणांक छापून मोकळा होतो आणि घेणारा तोच आपला धोका समजून बसतो.

हे कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगायची खरे तर गरज नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला, आणि पावसाळ्यात सारी सांगली त्याच्यापाशी पाण्याची पातळी विचारते. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ फूट धोक्याची. आकडा सगळ्या गावाला एकच. पण तो ऐकून सगळे गाव एकच काम करीत नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या नदीलगतच्या वस्त्यांतली माणसे आकडा चाळिशीला पोचण्याआधीच सामान बांधू लागतात. विश्रामबागेकडच्या उंच भागातला माणूस त्याच आकड्यावर निवांत चहा पितो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ज्यांच्या दारात आजवर पाणी आले नव्हते त्यांच्याही ते आले. जुन्या सांगलीकराला पुलाची पातळी सांगा, तो लगेच विचारील, "म्हणजे आमच्या कितव्या पायरीला?" एवढा एक प्रश्न संचालक मंडळाला सुचला असता, तर अर्धा तास वाद झाला नसता.

आणखी एक गोष्ट सांगलीकर पाहतो. कोयनेचे दरवाजे किती उचलले? पाटण तालुक्यातल्या त्या १०५ टीएमसीच्या धरणातून सुटलेले पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि मग खाली येते. म्हणजे आजची पातळी किती याबरोबर वरून काय येत आहे, हेही त्याला हवे असते. दोषांच्या बाबतीतही असेच आहे. लाखो दोषांपैकी थोड्याच दोषांचा चोर प्रत्यक्ष उपयोग करतात. असे चालू वापरातले दोष सांगणारी एक यादी अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२१ पासून खुली ठेवली आहे. ती कोणालाही फुकट पाहता येते. अहवालातली ओळ त्या यादीत असेल, तर धरणाचे दरवाजे उघडले आहेत असे समजावे.

गुणांक आणि परिणाम यांची फारकत किती होऊ शकते, याची दोन उदाहरणे देतो. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला. जगातल्या असंख्य संकेतस्थळांच्या गुप्त निरोपांचे कुलूप ज्या प्रोग्रॅमवर चालत होते, त्यातच तो होता. त्या दोषाला त्या वेळच्या पद्धतीने गुण मिळाले ५, म्हणजे मध्यम. पण ज्या यंत्रावर तो होता त्याच्या स्मरणातून परवलीचे शब्दच काय, कुलपाची मूळ किल्लीही बाहेर येऊ शकत होती. मध्यम शेरा पाहून जे स्वस्थ बसले असतील, त्यांनी फार मोठा धोका पत्करला.

दुसरे उदाहरण वेळेचे. विंडोजमधल्या एका दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाची कीड त्याच दोषातून सुमारे १५० देशांत पसरली. इंग्लंडातल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मधले ५९ दिवस हा दोष जगभरच्या अहवालांत एक ओळ होऊन पडून होता. पुढे २७ जून २०१७ रोजी आलेल्या 'नॉटपेट्या'नेही इतर वाटांबरोबर तीच वाट वापरली, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम थांबले. दोष संगणकातला, पण खोळंबले कोण? मालाच्या पेट्या आणि ट्रकवाले. परिणाम मोजायचा तो कामाच्या भाषेत मोजावा लागतो, तो असा.

पण एकेक ओळ सुटी वाचून भागत नाही, ओळींची साखळीही पाहावी लागते. आपल्या किल्ल्यांचे शास्त्र जाणणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याजवळ दुसरा उंच डोंगर असू नये, असल्यास तो उतरवावा किंवा किल्ल्याच्या आहारी आणावा, अशा अर्थाची शिकवण आहे. तिच्यामागे अनुभव होता. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला, तेव्हा पुरंदरच्या भिंतींवर धडका देत बसण्याऐवजी आधी शेजारचा लहानसा वज्रगड घेतला. १४ एप्रिलला वज्रगड पडला आणि त्यावरून तोफा थेट पुरंदरावर चालू लागल्या. मुरारबाजी पडले, जूनमध्ये तह झाला, २३ किल्ले द्यावे लागले. वज्रगडाची स्वतःची किंमत किती, असा प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर 'किरकोळ' असे आले असते. तो कोणाच्या शेजारी आहे, यात त्याची सारी किंमत होती.

आता पत्रलेखकांच्या अहवालातल्या तीनच ओळी घेऊ. त्यांनी त्या उतरवून पाठवल्या आहेत.

पहिली. एका शाखेतला पासबुक छापायचा संगणक. त्यावर विंडोज ७ आहे, कारण छपाईचा जुना प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. विंडोज ७ च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाल्या. शेरा: अतिगंभीर. शेरा योग्य आहे. पण हा संगणक बाहेरच्या जगाला जोडलेला नाही. तेव्हा त्याला जाळ्याच्या वेगळ्या खोलीत ठेवावे, पासबुकापुरता खातेवहीशी एक अरुंद दरवाजा द्यावा, बाकी सगळे बंद करावे. नवा प्रोग्रॅम मिळेपर्यंत तेवढ्यावर निभेल. पण 'मिळेपर्यंत' याला तारीख हवी.

दुसरी ओळ एकटी नाही, तिच्या ९० प्रती आहेत. आतल्या आत चालणाऱ्या यंत्रांवर जुन्या पद्धतीची सांकेतिक लिपी चालू आहे. शेरा: मध्यम. ही नव्वद दुखणी नव्हेत. एकच दुखणे नव्वद ठिकाणी मोजले आहे. एका रविवारी एकच मांडणी बदलली की नव्वद ओळी जातील. १४० चा आकडा पाहून ज्या संचालकांना घाम फुटला, त्यांना हे आधी सांगावे.

तिसरी ओळ. एका शाखेतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी. तिचे प्रवेशाचे पान इंटरनेटवरून दिसते. शेरा: फक्त माहितीसाठी. ही ओळ १४३ व्या पानावर आहे. व्यवस्थापकांनी सहज चौकशी केली तेव्हा कळले की, पेटीचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तोच आहे, आणि पेटी खातेवहीच्या मुख्य संगणकाच्याच जाळ्यात आहे. माझ्या मते अहवालातली सगळ्यांत मोठी ओळ हीच. मंडळी, हा तुमचा वज्रगड. त्या पोराने उद्या सकाळी पहिला हात इथे घालावा. शब्द बदलावा, इंटरनेटवरचे दार बंद करावे, आणि पेटी वेगळ्या जाळ्यात टाकावी. एका दिवसाचे काम आहे, आणि खर्च नाही म्हटले तरी चालेल.

हे सारे भिववण्यासाठी म्हणता काय, असे कोणी विचारील. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये आलेला प्रसंग आठवावा. एटीएममध्ये कार्ड घातले की मधली यंत्रणा बँकेच्या खातेवहीला विचारते, शिल्लक आहे काय? चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा उभी केली. ती खातेवहीपर्यंत प्रश्न जाऊच देईना. स्वतःच 'हो, द्या' म्हणू लागली. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून खोट्या कार्डांनी रोकड निघाली. आपल्या कोल्हापुरातही निघाली. सोमवारी, १३ तारखेला, आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेतून आणखी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगकडे गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम वळती झाली नव्हती; फटका बँकेने सोसला. रोकड काढणाऱ्या साखळीतल्या ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरवले. यातून घ्यायचा बोध असा की, कोणत्याही अहवालात कोणत्याही ओळीपुढे '९४ कोटी' असे छापलेले नसते. दार आणि खातेवही यांच्यामधली वाट आपणच पायाखाली घालून पाहावी लागते.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या मानाने चार पायऱ्या ठरवल्या. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवावे लागते. तेव्हा 'नोंद घेण्यात आली' या ठरावाने संचालकांची सुटका होत नाही. उलट नोंद घेतली होती, म्हणजे ठाऊक होते, हेच उद्या कागदोपत्री सिद्ध होते.

मग व्यवस्थापकांनी मंडळापुढे काय ठेवावे? एकशे ऐंशी पाने नकोत, दोन पुरेत. प्रत्येक मोठ्या दोषासाठी एकच वाक्य लिहावे: या दारातून कोण येऊ शकतो, तो कुठवर जाऊ शकतो, आणि त्यामुळे आपले कोणते काम किती वेळ बंद पडेल किंवा कोणाचे पैसे अथवा माहिती जाईल. जे वाक्य पुरे करता येत नाही, त्याची अजून चौकशी झालेली नाही असे समजावे. मग तीन ढीग करावेत. बाहेरून पोचता येते, पलीकडे खातेवही आहे किंवा चोर तो दोष आज वापरताहेत, ते या आठवड्यात. आतले पण महत्त्वाच्या यंत्रावरचे, ते या महिन्यात. उरलेले कधी करायचे याची तारीख आणि करणाराचे नाव लिहून ठेवावे. जे दुरुस्तच होणार नाही, त्याचा धोका पत्करल्याची सही एकट्या त्या पोराची नसावी, अध्यक्षांची असावी. आणि दुरुस्ती झाली असे तोंडी ऐकून खूण करू नये. पुन्हा तपासणी करून ओळ गेली, म्हणजे गेली.

एक काळजी मात्र घ्यावी. उत्साहाच्या भरात मुख्य यंत्राची दुरुस्ती ऐन कामाच्या दिवशी करू नये. उसाची बिले खात्यावर जमा होतात त्या दिवशी खातेवही बंद पडली, तर वाळव्याहून किंवा कोरेगावहून आलेला शेतकरी मोकळ्या हाताने परत जाईल. चोराने केलेला खोळंबा आणि आपण केलेला खोळंबा यांत त्याला फरक दिसणार नाही. आधी नक्कल काढून ठेवावी, ती परत चढते की नाही हे पाहावे, आणि मग रविवारी काम करावे.

तेव्हा त्या दोन्ही संचालकांना आमचा नमस्कार सांगून एवढेच कळवावे. पहिल्यांनी ठेवीदारांना घाबरवू नये. १७५ ओळींपैकी बँकेच्या गळ्याशी येतील अशा ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. दुसऱ्यांनी हसू नये. त्या बोटांवरच्या ओळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक तर लाल शाईत छापलेलीही नाही. ठेवी ठेवणारी शिक्षिका, पेन्शनर आणि शेतकरी यांना हा अहवाल कधी दिसणार नाही. त्यांच्या वतीने तो कोणीतरी वाचायचा आहे, आणि तेवढ्यासाठीच संचालक मंडळ निवडून दिलेले असते.

सर्व वाचकांना दिवाळी सुखाची जावो. पुढल्या आठवड्यापासून पुन्हा आपल्या दीड रकान्यात भेटूच.